चुगली करणारी नायिका

मे महिना लागला की आमच्या तालुक्याच्या वाचनालयात पालकांची एक ठरलेली मागणी येते. "बाई, मुलीसाठी काहीतरी प्रेरणादायी द्या." प्रेरणादायी म्हणजे काय, हे मला आता पाठ झालंय. मुखपृष्ठावर धीट नजरेची मुलगी हवी, तिने संकटावर मात केलेली हवी आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तिचं सगळं बरोबरच असायला हवं. चुकायचं ते इतरांनी. असल्या पुस्तकांनी आमच्याकडे दोन फळ्या भरल्यात. मुली ती नेतात, वेळेवर परत आणतात आणि त्यांच्याबद्दल चकार शब्द बोलत नाहीत. न बोलता परत येणारं पुस्तक म्हणजे मुलीने पानं उलटली, इतकाच अर्थ मी लावते.

मी त्यांच्यापुढे वेगळंच पुस्तक धरते. 'द ट्रू कन्फेशन्स ऑफ शार्लट डॉइल', लेखक आवी, साल १९९०. 'आवी' हे त्यांना जुळ्या बहिणीने लहानपणी ठेवलेलं नाव, तेच त्यांनी लेखक म्हणून घेतलं. १९९१ साली कादंबरीला न्यूबेरी सन्मान मिळाला. आमच्या बहुतेक मुलींना इतकं इंग्रजी झेपत नाही, म्हणून शनिवारी दुपारी मुलामुलींच्या वाचनगटात पुस्तक समोर धरून मी ते मराठीत सांगत जाते. शाळेत असताना भूगोल शिकवला, त्यामुळे नकाशा फळ्यावर काढायची खोड अजून गेलेली नाही.

गोष्ट १८३२ सालची. १३ वर्षांची शार्लट इंग्लंडमधल्या मुलींच्या चांगल्या शाळेत शिकलेली. आईवडील पुढे अमेरिकेत प्रॉव्हिडन्सला गेलेत आणि ती लिव्हरपूलहून त्यांच्याकडे निघाली आहे. सोबतीला दोन कुटुंबं येणार असतात, ती येतच नाहीत. 'सीहॉक' नावाच्या दोन डोलकाठ्यांच्या जहाजावर ही एकटी प्रवासी, आणि बाईमाणूस म्हणूनही एकटीच. कॅप्टन जॅगरी रुबाबदार, गोड बोलणारा, आपल्या केबिनमध्ये बोलावून चहा पाजणारा. खलाशी फाटके, मळके, दात पडलेले. झकरिया हा म्हातारा काळा आचारी तिला एक सुरी देतो आणि जवळ ठेव म्हणतो. तिला ती भेटच संशयास्पद वाटते. घरी आणि शाळेत जे शिकवलं त्याला धरूनच ती वागते. कपडे नीट, भाषा नीट, तो माणूस नीट. कॅप्टन म्हणतो, खलाशांमध्ये माझे डोळे-कान हो. ती होते. खलाशांच्या कोठडीत तिच्या नजरेला एक पिस्तूल पडतं आणि एक कागद पडतो. ती धावत जाऊन कॅप्टनला सांगते. एक माणूस गोळी खाऊन मरतो आणि झकरियाला चाबकाने फोडून काढतात.

वादळ पुढे येतं, आणि चांगलं मोठं येतं. पण घात व्हायचा तो आधीच झालेला असतो, चहाच्या टेबलापाशी. मुलीच्या समुद्रप्रवासाची इतकी पुस्तकं चाळली, पण संकट स्वतः मुलीनेच जहाजावर आणलंय असं मला फार थोड्या ठिकाणी सापडलं.

इथवर आले की मी पुस्तक मिटते आणि मुलांना विचारते, शार्लटचं काही चुकलं का? आमच्याकडच्या मुलांना या प्रश्नासाठी १८३२ सालात जावं लागत नाही. बाई वर्गाबाहेर गेल्या की फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहायला बसणारी मॉनिटर त्यांनी रोज पाहिलेली असते. कॅप्टन जॅगरीला काय हवं होतं, ते त्यांना माझ्याआधी कळतं. आठवीतली एक मुलगी, स्वतः मॉनिटर, ताडकन म्हणाली, "पण ती खरंच बोलली ना? खोटं कुठे सांगितलं?" पाठीमागून एक मुलगा म्हणाला, "खरं बोलली म्हणून तर मेला तो." पाठोपाठ दोघंतिघं एकदम बोलायला लागली. कॅप्टन गोळी घालेल हे तिला कुठे ठाऊक होतं, असं एकीचं म्हणणं. माहीत करून घ्यायला हवं होतं, असं दुसरीचं. वाचनालयातले वर्तमानपत्र वाचणारे आजोबा चष्म्यावरून बघायला लागले. मी आपली खडू हातात घेऊन गप्प उभी. दोन फळ्या भरून ठेवलेल्या त्या गुणी नायिकांपैकी एकीनेही आमच्याकडे असं भांडण लावलेलं नाही.

माझं म्हणणं इतकंच आहे, आणि ते लिहिणाऱ्यांना आणि विकत घेणाऱ्यांना दोघांनाही उद्देशून आहे. साहसकथेतल्या मुलीला चुकू द्या. किरकोळ नव्हे, दुसऱ्याला भोगावी लागेल अशी चूक करू द्या. मुलग्यांना आपण ती मुभा केव्हाच दिली आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे नको तिथे नाक खुपसतो, अडकतो, मार खातो आणि तरी आपला लाडका राहतो. मुलगी नायिका झाली की मात्र लेखकाचा हात आखडतो. आधी ती शहाणी आहे, हुशार आहे, तिचा हेतू शुद्ध आहे, याची हमी द्यायची आणि मग तिला संकटात ढकलायची. हमीपत्रासह आलेल्या माणसाची काळजी कोण करणार?

शार्लटला तशी हमी नाही. झकरियाच्या पाठीवर जे झालं त्याचा भार घेऊन ती खलाशांकडे जाते आणि म्हणते, त्याच्या जागी मी काम करते. ते हसतात आणि अट घालतात, मुख्य डोलकाठीच्या अगदी वरच्या आडव्या काठीपर्यंत चढून दाखव. ते चढणं मी सावकाश सांगते. डांबर फासलेल्या दोरांची शिडी, वर जाईल तशी निमुळती होत जाणारी. खाली जहाज जेवढं हलतं त्याच्या कितीतरी पट वर डोलकाठीचं टोक हेलकावतं, हे फूटपट्टी उभी धरून मुलांना दाखवता येतं. लेखकाने या चढण्याला शौर्याचा मुलामा दिलेला नाही, ही त्यातली मला आवडलेली गोष्ट. ती वर जाते कारण खाली तिला तोंड दाखवायला जागा उरलेली नसते. प्रायश्चित्त हा शब्द एरवी मी मुलांसमोर वापरत नाही, पण तिथे तो बरोबर बसतो.

जुन्या जहाजांवरच्या ज्या गोष्टी या कादंबरीत येतात, त्या बऱ्याचशा घडत होत्या तशाच येतात. शार्लटला दिसलेला तो कागदच घ्या. त्याला 'राउंड रॉबिन' म्हणतात. कॅप्टनविरुद्धची तक्रार किंवा बंडाची शपथ लिहून खलाशी त्याच्याभोवती गोलाकार सह्या करायचे, म्हणजे पहिली सही कुणाची ते कळू नये. पहिली सही ज्याची, तो म्होरक्या ठरायचा आणि दोर त्याच्या गळ्यात पडायचा. चाबूकही खराच. रिचर्ड हेन्री डाना हा हार्वर्डचा विद्यार्थी १८३४ साली बोस्टनहून 'पिलग्रिम' नावाच्या अशाच दोन डोलकाठ्यांच्या जहाजावर साधा खलाशी म्हणून गेला. कॅप्टनला माणसांना फटके मारताना त्याने डोळ्यांनी पाहिलं आणि १८४० साली ते पुस्तकात लिहिलं. अमेरिकेच्या काँग्रेसने जहाजांवरचे हे फटके बंद केले ते १८५० साली.

तरी जाणत्या टीकाकारांचा एक आक्षेप या कादंबरीवर आहेच. १८३२ सालची चांगल्या घरची मुलगी असं वागूच शकली नसती, विसाव्या शतकाच्या अखेरीच्या मुलीला जुने कपडे घालून जहाजावर बसवलंय, असं ते म्हणतात. आक्षेपात दम आहे, पण तो चुकीच्या जागी लावला जातो. दोरावर चढणं, वादळात टिकणं, जहाज चालवणं याला इतिहासाचा आधार आहे. १८५६ च्या जुलैत 'नेपच्यून्स कार' हे मोठं शिडाचं जहाज न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालं. कॅप्टन जोशुआ पॅटनने पहिल्या मेटला, म्हणजे आपल्या खालोखालच्या अधिकाऱ्याला, कामचुकारपणाबद्दल कैदेत टाकलेलं. पुढे केप हॉर्नच्या भयंकर हवेत कॅप्टनच आजाराने कोसळला. अथांग समुद्रात जहाज नेमकं कुठे आहे, ते सूर्याच्या मापावरून गणिताने काढावं लागे, आणि दुसऱ्या मेटला ते येत नव्हतं. येत होतं कॅप्टनच्या बायकोला. मेरी पॅटन १९ वर्षांची, पोटुशी. आधीच्या सफरीत नवऱ्याजवळ बसून ती ते गणित शिकली होती. कैदेतल्या मेटने खलाशांना फितवायला पाहिलं, पण खलाशी तिच्या बाजूने राहिले. नोव्हेंबरात जहाज सॅन फ्रान्सिस्कोला लागलं. विमावाल्यांनी कौतुकाने तिला १,००० डॉलर दिले.

तेव्हा बाईच्या हातून हे होणारच नाही, असं कुणी म्हणू नये. कादंबरी लंगडी पडते ती दुसरीकडे. ज्या मुलीमुळे आपला माणूस मेला तिला खलाशी इतक्या लवकर आपली म्हणतात, हे पटत नाही. जॅगरीचा शेवटही लेखकाने स्वतःच्या सोयीने लावलाय. तो कसा, ते सांगत नाही, कुणी वाचणार असेल. आणि झकरियाबद्दल मला नेहमी अवघडल्यासारखं होतं. त्याने भोगायचं आणि तिने शिकायचं. पुस्तकभर त्याच्या पाठीचा हिशेब तिच्या मनातच मांडला जातो, त्याच्या मनात काय आहे ते फार थोडं कळतं. गोऱ्या मुलीच्या शहाणपणाची फी काळ्या माणसाने भरावी, ही त्या वाङ्मयातली जुनी सवय आवी यांनाही सुटलेली नाही. वाचनगटातल्या एका मुलीने सरळ विचारलं, "झकरियाने तिला माफ का केलं?" मी म्हटलं, पुस्तकात शोध. तिला समाधानकारक सापडलं नाही. मलाही नाही.

इतिहासाला सर्वांत धरून असलेला प्रसंग, माझ्या मते, जहाज किनाऱ्याला लागल्यावर घडतो. शार्लटने प्रवासात सगळं वहीत लिहून ठेवलेलं असतं. वडील ती वही वाचतात आणि शेकोटीत टाकतात. मुलीने असलं काही केलंच नव्हतं, असं आता घरात समजायचं. जुन्या काळातल्या अशा मुलींची हकीकत त्यांच्याच तोंडून इतकी कमी का मिळते, याचं उत्तर इतिहासाच्या जाड पुस्तकापेक्षा त्या शेकोटीजवळ लवकर सापडतं. झान बारे ही फ्रेंच स्त्री पुरुषाच्या वेशात बोगनव्हिलच्या १७६६ सालच्या मोहिमेत जगप्रवासाला निघाली. तिची गोष्ट आपल्याला कळते ती बोगनव्हिल आणि इतर पुरुषांच्या रोजनिशींमधून.

शार्लटच्या गोष्टीच्या शेवटावरून एका आईने पुस्तक माझ्या टेबलावर आणून ठेवलं. "बाई, ही पोरगी शेवटी घरातून पळून जाते. असलं कशाला वाचायला देता?" मी त्यांना बसवलं, चहा मागवला. त्यांचं चुकत होतं असं मी म्हणत नाही. पळून जाणाऱ्या मुलीचं पुढे काय होतं, हे आपल्या गावात सगळ्यांना ठाऊक असतं आणि ते कादंबरीसारखं नसतं. मी एवढंच विचारलं, वही जाळली ते तुम्हाला कसं वाटलं? त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "वही जाळायला नको होती." पुस्तक त्यांनी आणखी आठवडाभर ठेवून घेतलं.

हा विषय मला जवळचा का, हे एकदा सांगून टाकते. माझे वडील तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके. आई मासे विकायला बाजारात, आम्ही मुली किनाऱ्यावर जाळ्यातून मासे निवडायला. होडी मात्र आम्हाला बंद. "चेडवांनी होडयेत चढूचा नाय," आजीने एकदा सांगितलं आणि विषय संपला. पावसाळ्यात होड्या वर ओढून माडाच्या झावळ्यांनी शाकारलेल्या असत, तेव्हा मी आणि चुलतबहीण आत शिरून बसायचो. आत काळोख, माशाच्या तेलाचा घट्ट वास, बोटांना लागणारं डांबर. सुकाणूजवळ कोण बसणार यावर आमची मारामारी. वाळूवर टेकलेल्या होडीतून आम्ही मस्कतपर्यंत जाऊन यायचो. नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात गेली की तिच्यातली आमची जागा गेली.

आज चित्र बदललंय. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेल्या 'तारिणी' या शिडाच्या नौकेतून नौदलाच्या सहा अधिकारी स्त्रिया १० सप्टेंबर २०१७ रोजी निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २१ मे २०१८ रोजी परत आल्या. पुढे २०२४-२५ मध्ये त्याच नौकेतून दोघीच जाऊन आल्या. वाचनालयात त्यांचा फोटो आहे, मुलींना नावंही पाठ आहेत. पण त्यांच्याबद्दल सांगताना आपण झेंडा, स्वागत, पुष्पगुच्छ यातच अडकतो. पहिल्या सफरीत सुकाणूची यंत्रणा बिघडली आणि न ठरलेल्या मॉरिशसच्या बंदरात थांबावं लागलं, हे मी सांगितलं तेव्हा मुली पुढे सरकून बसल्या.

आनंदीबाई जोशींचंही आपण तेच करतो. १८८३ च्या एप्रिलमध्ये १८ वर्षांची ही मुलगी नवऱ्याला मागे ठेवून कलकत्त्याहून अमेरिकेला निघाली. समुद्र ओलांडणं हाच अधर्म समजला जाई, त्या काळात. जूनमध्ये ती न्यूयॉर्कला पोहोचली. म्हणजे जवळजवळ दोन महिने पाण्यावर, परक्या लोकांत, परक्या अन्नात. शाळेत ही गोष्ट सांगताना आपण तिला बंदरावर निरोप देतो आणि पुढच्याच वाक्यात पदवी देतो. मधले दोन महिने गायब. त्या दोन महिन्यांत ती कुणावर चिडली असेल, कुणाशी तुसडेपणाने वागली असेल, एखाद्या रात्री परत फिरावंसं वाटलं असेल, हे लिहायला आपल्या कादंबरीकारांनी कचरू नये. त्याने आनंदीबाई लहान होत नाहीत.

आणि साहसकथाच हवी असेल तर आपला किनारा काही गरीब नाही. कान्होजी आंग्र्यांचा काळ घ्या. त्यांचं दस्तक घेतल्याशिवाय व्यापारी जहाजांनी या पाण्यातून जायचं नाही, गेलं तर जप्ती. पोर्तुगीजांचे परवाने वेगळे, इंग्रजांची अरेरावी वेगळी. राजापूरच्या खाडीतून एक शिबाड निघालंय, त्यात मिरी आहे, कापड आहे आणि मालकाची १२-१३ वर्षांची मुलगी आहे. ती का आहे, ते लेखकाने ठरवावं. तांडेल चांगला माणूस, पण दस्तक नाही आणि ही गोष्ट जहाजावर सगळ्यांना माहीत. विजयदुर्गाजवळ आंग्र्यांची गलबतं आडवी येतात. वर चढलेला अंमलदार सभ्य, घरच्या काकासारखा बोलणारा. तो मोठ्यांना सोडून मुलीला विचारतो, "बाळ, तुझ्या बाबांनी कागद कुठे ठेवलाय?" मुलीला खोटं बोलायचं नाही असं शिकवलेलं आहे.

ती बोलते. शिबाड जप्त होतं, तांडेलाला बेड्या पडतात. इथून पुढे तिने काय करायचं, हे लिहायला कुणीतरी बसा. दोनशे पानं झाली तरी हरकत नाही, खलाशांच्या तोंडी मालवणी शिव्या आल्या तरी हरकत नाही, शिव्यांवरून शाळांशी भांडायचं काम माझ्याकडे. फक्त शेवटच्या प्रकरणात तिचं सगळं बरोबरच होतं असं ठरवू नका, नाहीतर ते पुस्तकही त्या दोन फळ्यांवर जाईल आणि तिथे आता जागा नाही.